दवंडी कोणाच्या तोंडची

पूर्वी अरुणवती नगरात महासेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व दवंडीवाल्याच्या कुळात जन्मला. त्याचे नाव भेरक. बाप गेल्यावर बापाचा ढोल त्याच्या गळ्यात आला.

त्या नगराची एक रीत होती. दवंडीवाला चौकात ढोल वाजवी आणि हुकूम सांगे. सांगून झाले की लोक विचारीत, "कोणाच्या तोंडचं?" हुकूम ज्याचा, त्याचे नाव दवंडीवाल्याने घ्यायचे. नावाशिवाय हुकूम मानायचा नाही, असे जुन्या लोकांनी ठरवले होते.

एका वर्षी राजाच्या जलविहाराचा, तळ्यात होड्या फिरवण्याचा दिवस जवळ आला. अमात्य पिंगलाने भेरकाला बोलावले.

"सांग, जलविहार होईपर्यंत तळ्याचं पाणी सोडायचं दार उघडायचं नाही."

"कोणाच्या तोंडचं म्हणू?"

"राजवाड्याच्या तोंडचं म्हण. एवढं पुरे."

भेरक येताना तळ्यावरूनच आला होता. पाणी बांधाच्या वरच्या दगडाला लागलेले त्याने पाहिले होते. तरी तो चौकात गेला आणि अमात्याने सांगितले तसे बोलला.

कुंभारवाड्यातली पुण्णिका तिथे उभी होती. ती जिभेची तिखट. ती म्हणाली, "अगं बाई, भिंतीला तोंड फुटलं की काय? दात किती आहेत रे तिला?"

लोक हसले. हसून घरी गेले. भेरकही मान खाली घालून घरी गेला.

पाचव्या दिवशी डोंगरात पाऊस झाला. तळे भरत चालले. तळ्याचा राखणदार कट्ठक अमात्याच्या दारी गेला. अमात्य जेवायला बसले आहेत, असे पहारेकऱ्याने सांगितले. तो पुन्हा गेला. अमात्य होड्यांची पाहणी करीत होते. तिसऱ्या वेळी पहारेकरी म्हणाला, "हुकूम राजवाड्याचा आहे बाबा. जा, राजवाड्याला विचार."

कट्ठक परत बांधावर आला. दार वर ओढायचा दोरखंड त्याने हातात धरला, पण ओढला नाही. दुपारी बांध फुटला. कुंभारवाडा वाहून गेला. चार माणसे बुडाली. त्यांत पुण्णिकेचा नवरा होता.

दुसऱ्या सकाळी अमात्याने भेरकाला पुन्हा बोलावले.

"सांग, राखणदाराच्या हलगर्जीपणामुळे बांध फुटला. आज सूर्य मावळायच्या आत त्याला सुळावर दिलं जाईल."

"कोणाच्या तोंडचं?"

"मागच्या वेळी सांगितलंस तसंच सांग."

"मागच्या वेळी मी चुकलो, अमात्य. आता नाव द्या."

अमात्याचा चेहरा उतरला, मग लाल झाला. "तुझं काम ढोल बडवायचं. विचारायचं नाही."

"ढोलाला कळत नाही काय सांगतोय ते. मला कळतं."

"जीभ छाटून टाकीन."

"टाका. पण तोवर ती चौकात जाऊन येईल."

भेरक चौकात गेला. त्याने ढोल वाजवला. माणसे जमली. कित्येकांच्या अंगावर अजून चिखल होता. कट्ठकाला शिपायांनी तिथेच खांबाला बांधले होते.

भेरक म्हणाला, "ऐका हो. तळ्याचं दार बंद ठेवा, असं मी सांगितलं. तळं भरलेलं मी डोळ्यांनी पाहिलं होतं. हुकूम कोणाचा, हे मला कळलं नव्हतं. मी नाव मागून घेतलं नाही. घाबरलो. कट्ठकाचा हात माझ्या शब्दाने अडला. त्याला सुळावर द्यायचं असेल, तर त्याच्या आधी मला द्या."

मग कोणीतरी हळूच विचारले, "कोणाच्या तोंडचं?"

"माझ्या. भेरकाच्या."

पुण्णिका पुढे आली. तिच्या कपाळावर कुंकू नव्हते. ती म्हणाली, "त्या दिवशी मी थट्टा केली नि घरी गेले. नाव घेतल्याशिवाय तुला सोडायचं नव्हतं. ती चूक माझी. आज नाही सोडायची. सांग, तुझ्या तोंडात ते कोणी घातलं?"

"अमात्य पिंगलाने."

"आणि त्याच्या?"

"ते मला ठाऊक नाही. त्यालाच विचारू."

लोक राजवाड्याकडे निघाले. त्यांनी शिपायांना हात लावला नाही. कट्ठकाला सोडून बरोबर घेतले, तेव्हा शिपाईही आडवे आले नाहीत. दाराशी गलबला झाला तसा राजा बाहेर आला.

पिंगल म्हणाला, "महाराज, हे कारभारातलं आहे. दार बंद ठेवायचा निर्णय झालेला होता."

"कोणी केला?"

"तो चर्चेतून झाला, महाराज."

"चर्चेत कोण होतं?"

पिंगलाने राजाकडे पाहिले. राजाला आठवले, की एकदा जेवताना आपणच म्हणालो होतो, यंदा होड्या चिखलात रुतल्या तर कोणाची गय करणार नाही. बोलून तो विसरला होता. त्याने समोर पाहिले. चिखलाने माखलेली माणसे वाट पाहत होती.

राजा पायऱ्या उतरला. भेरकाच्या हातातून त्याने टिपरू घेतले आणि स्वतः ढोल वाजवला. त्याला नीट वाजवता आला नाही. कोणी हसले नाही.

"कट्ठक निर्दोष आहे," राजा म्हणाला. "तळं माझ्या होड्यांसाठी भरून ठेवलं. चार माणसं त्यापायी गेली."

राजाला कसे विचारावे म्हणून लोक थबकले. पुण्णिकेने विचारले, "कोणाच्या तोंडचं?"

"माझ्या. महासेनाच्या."

तेव्हा पिंगल गुडघ्यांवर बसला. "महाराज होड्यांचं बोलले. दार बंद ठेवा हे शब्द माझे. राखणदार तीनदा आला. मी भेटलो नाही. हे माझ्या तोंडचं, पिंगलाच्या."

कट्ठकाने डोळे पुसले. "दोर माझ्या हातात होता. एक ओढ पुरली असती," तो म्हणाला.

त्या दिवशी अरुणवतीत जयघोष झाला. तो राजाचा नव्हता आणि भेरकाचाही नव्हता. एकेक जण आपले नाव घेऊन आपला वाटा सांगत होता, आणि प्रत्येक नावावर लोक ओरडत होते. जलविहार रद्द झाला. होड्या फोडून त्यांच्या फळ्या कुंभारवाड्याच्या छपरांना लावल्या. राजाने नव्या बांधासाठी डोक्यावरून माती वाहिली. पिंगलाने अमात्यपद सोडले आणि बांध पुरा होईपर्यंत तो कट्ठकाच्या हाताखाली राबला.

पुढे पुष्कळ हुकूम निघालेच नाहीत. त्यांच्याखाली नाव घालायला कोणी तयार होईना. आणि जे निघाले, ते पाळले गेले.

ही कथा सांगून शास्ता, म्हणजे भगवान बुद्ध, म्हणाले, "भिक्खूंनो, त्या वेळी महासेन राजा होता तो आज माझा शिष्य आनंद आहे. पुण्णिका म्हणजे आज भर सभेत मला प्रश्न विचारणारी ती वृद्ध भिक्खुणी. कट्ठक म्हणजे विहारातल्या विहिरीची देखभाल करणारा उपासक. पिंगल म्हणजे तो अबोल भिक्खू, जो आपली चूक कोणी दाखवण्याआधी स्वतः सांगतो. आणि दवंडीवाला भेरक मी होतो. मी एकदा घाबरलो, आणि चार माणसे बुडाली. दुसऱ्यांदा घाबरलो नाही. ज्याने मला तिथवर नेले त्याला सत्य म्हणतात. ती सत्यपारमी, सत्याची परिपूर्णता."