पहिलं विरजण

“मग जाऊ का नको, बाबा? तेवढं एकदा सांगून टाका.”

सोमगीरबाबा मठाच्या ओट्यावर जेवायला बसले होते. समोर हैबती बसला होता. येताना त्याने दह्याचं गाडगं आणलं होतं आणि पुतणीच्या लग्नाचा प्रश्न आणला होता. लग्न उद्यावर आलं होतं.

हैबतीचं थोरल्या भावाशी नऊ वर्षांपूर्वी बिनसलं. घराच्या मधोमध भिंत उभी राहिली. त्या घरचं पाणीसुद्धा पिणार नाही, अशी हैबतीने शपथ घेतली. गावात त्याच्या रागाला मोठा मान होता, आणि त्यानेही तो दुभत्या म्हशीसारखा जपला.

“पोरगी सोता पत्रिका घेऊन आली हुती,” तो म्हणाला. “उंबऱ्यावर ठिवून गेली. म्या तिला बस म्हनालो न्हाई.”

“मग?”

“मग काय… झोप न्हाई. तुमी ‘जाऊ नको’ म्हना, म्हंजी सुटलो.”

बाबांनी भाकरीचा तुकडा दह्यात बुडवून खाल्ला.

“दही चांगलं लागलंय.”

हैबती खुलला. रडायला आलेला माणूस, पण दह्याची तारीफ झाली की ताठ बसला.

“माझ्याच हातचं हाय! एकटा मानूस काय रांधनार म्हनून हसत हुती मानसं. आता भाकरी माझी, चटनी माझी, लोनी काढून तूपबी मीच कढवतो. त्या घराकडं कशापायी बघू? गावातल्या बाया आज हिच्याकडं, उद्या तिच्याकडं विरजन मागत फिरत्यात. म्या नऊ वर्सांत एकदाबी वाटी घेऊन कुनाच्या दारात गेलो न्हाई. कालच्या दह्यातलं चमचाभर आजच्या दुधात. रोज.”

“आणि पहिलं?”

“पयलं काय?”

“पहिल्या दिवशी कालचं दही कुठनं आणलंस?”

हैबतीने गाडग्याचा काठ बोटाने पुसला.

“भिंतीवरनं वाटी आली हुती,” तो म्हणाला. “वैनीनं दिली. बोलली काय न्हाई. दादाला ठावं नव्हतं.”

बाबा जेवत राहिले.

हैबती एकदम तडकला. “मग आजपासनं हे विरजन बंद! मिरचीची देठं टाकून नवं लावतो. त्यानंबी दही लागतं.”

“लाव की.” बाबांनी गाडगं उचलून त्याच्या हातात दिलं. “हे आधी तिकडं ओतून ये.”

हैबती गाडगं घेऊन तरातरा ओट्याच्या टोकाला गेला. खाली मठाचं कुत्रं आशेने उठून उभं राहिलं. हैबतीने गाडगं कलतं केलं, दह्याचं पाणी काठापर्यंत आलं.

…

आई गेली तेव्हा हैबती सहा वर्षांचा होता. पुढे वहिनी घरात आली आणि तिनेच त्याला दहीभात कालवून भरवला. नऊ वर्षं त्याने हे आठवू दिलं नव्हतं. आता आठवलं, आणि त्याला फार वाईट वाटलं.

कुत्रं बसलं. हैबती परत आला आणि गाडगं त्याने जपून खाली ठेवलं.

“होत न्हाई, बाबा.”

“मुहूर्त कधीचा?”

“बारा पस्तीस.”

“सकाळीच जा.”

“जातो… पर बसू कुठं? नऊ वर्सं त्या घरचं पानी न्हाई पिलो. समदं गाव बघत असंल. पंगतीत पाटावर कोनत्या तोंडानं बसू?”

बाबांनी ताटातच हात धुतले.

“बसायला कुणी सांगितलं? पोरीचा चुलता ना तू? वाढायला उभा राहा.”