पाचवी ओळ

खूप खूप वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हाच्या राजाचं नाव आता कुणाला सांगता येणार नाही. पण त्याच्या राजधानीत नकला करून देणारी दोन दुकानं होती, हे लोक अजून सांगतात. कुणाला पत्रिकेची नक्कल हवी असे, कुणाला स्तोत्राची, कुणाला जमिनीच्या कागदाची. हातानं लिहायचं आणि हातानंच उतरवायचं, असा तो काळ.

एक दुकान राजवाड्याच्या देवडीसमोर. त्याला सगळे मोठी पेढी म्हणत. दारात पितळेची घंटा, आत पांढरीशुभ्र बैठक आणि लोडाला टेकून बसलेले मालक त्रिंबकपंत. दुसरं दुकान तेलघाण्याला लागून असलेल्या पडवीत. दुकान कसलं, एक चटई, एक दौत, चार बोरू आणि सदबा नावाचा लेखनिक. शेजारी घाणा दिवसभर करकरायचा, म्हणून सदबाला ओरडून बोलायची सवय लागली होती.

राजधानीपासून दोन कोसांवर ठकूमावशी राहायची. ती सुईण. पाच गावांतली निम्मी माणसं तिच्या हातावर जन्मलेली. तिच्याकडे सासूनं दिलेली औषधांची एक पोथी होती. मावशीला अक्षरओळख नव्हती, पण सासूनं ती पोथी तिला इतक्या वेळा वाचून दाखवली होती की पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत तिला सगळी तोंडपाठ होती. आता पोथीला कसर लागली होती आणि मावशीचे गुडघे बोलायला लागले होते. आपण गेल्यावर या पाच गावांतल्या बाळंतिणींनी कुणाच्या तोंडाकडे बघायचं, ही काळजी तिला जेवू देईना. म्हणून तिनं ठरवलं, पोथीच्या पाच नकला करायच्या आणि प्रत्येक गावात एक ठेवायची.

पोथी फडक्यात बांधून आणि मधाची दोन गाडगी घेऊन ती मोठ्या पेढीवर गेली. दारातली घंटा वाजवायला हात वर केला, तोच आतून कुणीतरी खेकसलं, की ती घंटा सरदार-मानकऱ्यांसाठी आहे. तुझ्यासारखीनं उभं राहायचं, बोलावलं की यायचं. मावशी उभी राहिली. ऊन डोक्यावर आलं तरी उभी. तिच्यामागून आलेला एका सरदाराचा नोकर घंटा वाजवून आत गेला, सरबत पिऊन बाहेर आला. त्याच्या हातात काय होतं, तर त्या सरदाराच्या पोपटाची पत्रिका! पोपटाला सरबत आणि पाच गावांच्या सुइणीला ऊन. मला तर हे सांगतानाही संताप येतो, तिला काय वाटलं असेल बघा.

शेवटी तिला आत घेतलं. मधाची गाडगी आधी आत गेली, मग पोथी.

आता या पेढीची कामाची रीत ऐका. सात कारकून एका रांगेत बसायचे. पानावर सात ओळी असल्या तर पहिल्यानं पहिली ओळ लिहायची आणि पान दुसऱ्याकडे सरकवायचं. दुसऱ्यानं दुसरी लिहायची, पान तिसऱ्याकडे. असं सरकत सरकत पान सातव्याच्या पुढ्यातून पुरं होऊन बाहेर पडायचं. काम झपाझप व्हायचं, अक्षर मोत्यासारखं, आणि राजवाड्यात या रीतीचं फार कौतुक होतं. फक्त एक होतं. अख्खं पान असं कुणीच वाचत नसे. वाचणं कुणाचं कामच नव्हतं.

चौथ्या दिवशी मावशीला पाच पोथ्या मिळाल्या. लाल दोरीनं बांधलेल्या, देखण्या. मावशीनं त्यांवरून हात फिरवला आणि म्हणाली, की कुणीतरी मला एकदा वाचून दाखवा, माझी पाठ आहे, मी ऐकत जाईन.

सातही कारकून हसले. पंतांनी विडा लावता लावता मान वर केली.

"वाचून दाखवायचा रिवाज नाही इथे," ते म्हणाले. "आणि तुला वाचता येत नाही, मग चूक-बरोबर तू काय सांगणार?"

"डोळ्यांना येत नाही, पंत. कानांना येतं."

"म्हातारे, इथे राजाचे कागद होतात. चल, वाट मोकळी कर."

काय चुकलं होतं तिचं? स्वतःच्याच पोथीत काय लिहिलंय एवढं तर तिला ऐकायचं होतं. पण पेढीवर असं काही मागणं म्हणजे पेढीचा अपमान. मावशीच्या हातात पोथ्या कोंबल्या आणि तिला पायऱ्या उतरायला लावल्या.

ती तडक घाण्याकडे गेली. सदबाची गंमत अशी, की लोक त्याच्यापासून लांब पळायचे. कारण तो नक्कल करून झाली की गिऱ्हाइकाला सोडायचाच नाही. समोर बसवायचा आणि पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत मोठ्यानं वाचायचा. कुणाला घाई असो, कुणाची बैलगाडी चाललेली असो. कुणी उठू लागलं तर म्हणायचा, बस, अजून माझं काम झालेलं नाही. स्वभावानं किरकिऱ्या, कामाला मंद. एका नकलेला पेढीच्या कितीतरी पट दिवस लावायचा.

पण मावशीला बघून तो आधी उठला, चटईवरची स्वतःची जागा तिला दिली आणि पाण्याचा तांब्या पुढे केला. तिचं सगळं ऐकून घेतलं. मग पेढीची एक पोथी उघडून घाण्याच्या करकरीवर आवाज चढवून वाचू लागला. मावशी डोळे मिटून मान हलवत होती. अकराव्या पानावर तिची मान थांबली.

"बाळंतीण तिसऱ्या दिवशी तापली तर काळी मुळी घ्यावी," सदबा वाचत होता. "मग सहाणेवर उगाळून चाटवावी."

"अरे थांब, थांब. मधली ओळ?"

सदबानं बोट ठेवून बघितलं. मधे ओळ नव्हती. मूळ पोथीत होती. ती मुळी तीन दिवस दुधात भिजवावी, ते दूध मातीत पुरावं, अशी पाचवी ओळ. काळी मुळी कच्ची म्हणजे निव्वळ विष. दुधात विष उतरलं की मगच ती औषध होते.

पाचही पोथ्यांत तीच गत. कसं झालं, ते पुढे एका कारकुनाच्या तोंडून कळलं. त्या पानाच्या सगळ्या नकला एकामागून एक रांगेतून सरकत होत्या तेव्हा पाचवा कारकून विडा खायला बाहेर गेला होता. चौथ्यानं सवयीनं पुढे सरकवलं, सहाव्यानं घेतलं आणि मधे मोकळी जागा वाईट दिसेल म्हणून आपली ओळ अगदी चिकटून लिहिली. पान दिसायला किती नेटकं!

मावशीनं पोथ्या फडक्यात गुंडाळल्या. एरवी कधी आवाज न चढवणारी बाई, तशीच उठली आणि पेढीवर जाऊन उभी राहिली. या वेळी तिनं घंटा वाजवली. चांगली खणखणून वाजवली. तुमच्या पाचव्या ओळीवाचून पाच गावांतल्या लेकी मेल्या असत्या, असं तिनं पंतांना तोंडावर सांगितलं.

पंतांनी काय करावं? पान उघडून बघावं की नाही? नाही बघितलं. आमच्या पेढीत चूक होत नाही, तूच आता म्हातारचळानं काहीबाही बरळतेस, असं म्हणाले आणि नोकराकडून तिला रस्त्यावर काढली. बाजारातले लोक बघत होते. 

मावशीनं त्या पाचही पोथ्या घरी नेऊन चुलीत घातल्या. सदबानं नव्या पाच लिहिल्या. दोन महिने लागले. त्याचीही चूक झाली हं. दुसऱ्या पोथीत सुंठीचं माप त्यानं दुप्पट लिहिलं होतं. पण वाचताना मावशीनं पकडलं, त्यानं कपाळाला हात लावला आणि अख्खं पान नव्यानं लिहिलं. पाच गावांत पाच पोथ्या गेल्या. मावशीला वाटलं, सुटले.

पण एक गोष्ट तिला ठाऊक नव्हती. पोथी चांगली आहे हे हेरून त्रिंबकपंतांनी तेव्हाच रांगेतून गुपचूप सहावी नक्कल काढून घेतली होती. न विचारता. ती त्यांच्या घरी देव्हाऱ्याजवळ ठेवलेली होती.

पुढल्या वर्षी पंतांची मुलगी शालू बाळंतपणाला माहेरी आली. मुलगा झाला, पेढे वाटले. तिसऱ्या दिवशी पोरगी तापानं फणफणली. राजवैद्य राजाबरोबर परगावी गेलेले. पंतांना पोथी आठवली. त्यांनी पान काढलं आणि घोड्यावर माणूस धाडला. काळी मुळी ठकूमावशीशिवाय कुणाकडे मिळत नसे.

माणूस तिच्या दारात येऊन म्हणाला, "मुळी द्या, मावशी. कच्चीच द्या, तिकडे उगाळणार आहेत."

मावशीनं त्याला थांबवलं. ज्यानं ती पोथी ऐकली आहे, तो कच्ची मुळी कधी मागणार नाही. कुणाकडे उगाळणार, असं तिनं विचारलं. नाव ऐकलं आणि सगळा उलगडा झाला. क्षणभर तिला ती पायरी आठवली, ते ऊन आठवलं, म्हातारे हा शब्द आठवला. खोटं कशाला बोलू, राग आलाच तिला. पण तापलेली पोरगी तिच्या डोळ्यांपुढे आली. तिनं घरात भिजवून ठेवलेली मुळी कनवटीला लावली आणि घोड्यावर बसली, या वयात.

पंतांच्या घरी सहाण मांडलेली होती. पंत दारातच पुढे आले, हात पसरून. मुळी दे, लवकर दे, असं म्हणत.

मावशी उंबऱ्यात उभी राहिली. "आधी पान वाचून दाखवा, पंत."

"अगं, माझी लेक आत..."

"म्हणूनच. मोठ्यानं वाचा."

आयुष्यात पहिल्यांदा त्रिंबकपंतांनी आपल्या पेढीतून निघालेलं पान मोठ्यानं वाचलं. काळी मुळी घ्यावी. मग सहाणेवर उगाळून चाटवावी.

"ते 'मग' कशानंतरचं?" मावशी म्हणाली. "मग म्हणजे काय झाल्यावर?"

पंतांनी पानाकडे बघितलं. पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना त्यांचं बोट त्या 'मग'वर थांबलं. मावशीनं पाचवी ओळ तोंडी म्हटली, अगदी सावकाश, सासूनं शिकवली होती तशी. आत मुलगी कण्हत होती. पंतांनी पान बाजूला ठेवलं आणि दारातून सरकून वाट मोकळी केली.

"मी तेव्हा हेच सांगायला आले होते," मावशी म्हणाली. "तुम्ही पान न उघडताच मला रस्त्यावर काढलंत."

ती आत गेली, भिजवलेली मुळी उगाळली, शालूला चाटवली आणि ताप उतरेपर्यंत तिच्या उशाशी बसून राहिली. पोरगी वाचली. पंतांच्या बायकोनं ती सहावी पोथी स्वतःच्या हातानं चुलीत टाकली, नवऱ्याला न विचारता.

ही गोष्ट बाजारात पसरायला किती वेळ लागणार? ज्यानं त्यानं घरी जाऊन पेढीचे कागद उघडले आणि मोठ्यानं वाचले. कुणाच्या शेताची एक बाजू गळालेली, कुणाच्या स्तोत्रातला अर्धा देव गळालेला. त्या सरदाराच्या पोपटाची पत्रिका तेवढी बरोबर निघाली म्हणतात. राजानं पेढीवरचे आपले कागद काढून घेतले. घाण्याशेजारी चटईपुढे रांग लागली, आणि तिथे सरदारही क्रमानं बसायचे, कारण सदबाकडे घंटाच नव्हती.

त्रिंबकपंत सुधारले का, असं विचाराल. मी काही त्यांची भलामण करणार नाही. पण एके सकाळी ते घाण्याशेजारी आले, चटईच्या कडेला बसले आणि सदबा एका कुंभाराला त्याचा कागद वाचून दाखवत होता, तो शेवटपर्यंत ऐकून गेले. दुसऱ्या दिवशी पेढीच्या दारावरची घंटा उतरवलेली होती. ठकूमावशी त्या रस्त्यानं गेली तेव्हा आतून कुणीतरी अडखळत, मोठ्यानं वाचत होतं. ती थांबली नाही, पण चालताना कान मात्र तिकडेच होते.

तात्पर्य: ज्याच्यासाठी काम करायचं त्याचं ऐकून घेतल्याशिवाय कोणतंही काम पुरं होत नाही.