चाळीस आणि त्रेचाळीस

एका राज्यात राजा वीरमर्दन राज्य करी. तो फार न्यायी आहे असे भाट म्हणत. भाट जेवायला राजवाड्यातच असत. तिथली रीत अशी, की राजा-राणीने सगळे निम्मे-निम्मे घ्यावे, सिंहासनसुद्धा.

एकदा राजाने मांत्रिक भैरवाक्षाला विचारले, "माझी किती वर्षे उरली?" तो सांगेना, म्हणून राजाने त्याचे डोळे काढविले. मांत्रिकाने शाप दिला, "तुझी आणि राणीची उरलेली वर्षे तुमच्यापैकी कोणी मला अचूक सांगेपर्यंत या राज्यात काही पुरे होणार नाही." त्या दिवसापासून कणसात दाणा भरेना. राजकन्या मृणालिकेला नववा महिना लागला होता; तो सात वर्षे सरला नाही.

शाप उतरायला तीन कामे होती. गरुडाकडून पहिले वचन आणायचे, तळ्यातल्या नागाकडून दुसरे, आणि मग उत्तर द्यायचे.

गरुड म्हणाला, "दोघांची वर्षे मिळून चाळीस."

राजाने नागापर्यंत कशाला जावे? त्याला रीत ठाऊक होती. "वीस आणि वीस!" तो गरजला. त्याच क्षणी मृणालिका कमरेपर्यंत दगड झाली. चाळीसला जुळणारी उत्तरे ढीगभर असतात, हे त्या शहाण्याला कोणी सांगावे?

मग राणी हेमांकिता तळ्यात उतरली. नाग म्हणाला, "तुझी वर्षे दुप्पट कर, त्यांत राजाची मिळव. त्रेचाळीस होतात."

राणीने काठावरच्या वाळूत दोन्ही वचने मांडली, एकाखाली एक. खालच्या ओळीत तिची वर्षे एकदा जास्त होती, आणि बेरीज तीनने जास्त. तिने खालच्या ओळीतून वरची वजा केली. तिची वर्षे तीन. राजाची सदतीस. तिने पुन्हा मांडून पाहिले, आणि मग ती रडली. तिला जगायचे होते.

पण खोटे सांगितले तर लेक पुरती दगड होणार होती. राणी मांत्रिकापुढे उभी राहिली. "माझी तीन. महाराजांची सदतीस."

"बरोबर," आंधळा मांत्रिक म्हणाला.

शाप उतरला. दगड विरला, शेते पिवळी झाली, राजवाड्यात तान्हे बाळ रडले. नगारे वाजू लागले.

राणी नातीला मांडीवर घेऊन बसली होती, तेव्हा राजा आला. त्याने नातीकडे पाहिले नाही. हळूच विचारले, "सदतीस नक्की ना?"

"नक्की, महाराज," राणी म्हणाली. "दोन्ही वचनांत बसतात."