चार वेळा रंगवलेली पाटी

एकदा एका मोठ्या नगरातील सधन नागरिकांनी एकत्र येऊन एक लोकनिधी स्थापन केला. कोणी आपल्या मिळकतीचा अंश दिला, कोणी मृत्युपत्रात घर लिहून ठेवले, कोणी दिवंगत पत्नीच्या नावे ठेव ठेवली. नगरातील वस्त्यांमध्ये ज्या लहान लहान संस्था काम करीत, त्यांना या निधीतून दरवर्षी साहाय्य मिळे. निधीच्या प्रमुखपदी एक वृद्ध गृहस्थ होते. आयुष्यभर अध्यापन केल्यामुळे सारे नगर त्यांना गुरुजी म्हणत असे. त्यांचाच एक जुना शिष्य त्यांच्या हाताखाली अर्जांची छाननी करी. हा तरुण प्रामाणिक होता, आणि आपण प्रामाणिक आहोत याची त्याला पुरेपूर जाणीवही होती.

निधीच्या नियमावलीत बारावी अट अशी होती, की कोणत्याही एका कार्यास तीन वर्षांहून अधिक काळ साहाय्य मिळणार नाही. पुढे साहाय्य हवे असल्यास संस्थेने नवा उपक्रम सादर करावा. ही अट गुरुजींनी स्वतः लिहिली होती. संस्था परावलंबी होऊ नयेत, त्यांनी नित्य काही नवे करावे, असा त्यामागे सद्हेतू होता.

एका वर्षी, वार्षिक सभेच्या आदल्या दिवशी, शिष्य एक अर्ज घेऊन गुरुजींसमोर उभा राहिला.

"गुरुजी, ही उघड फसवणूक आहे. गेल्या बारा वर्षांत या बाईंनी चार निरनिराळ्या उपक्रमांसाठी साहाय्य घेतले. चारही उपक्रमांचा पत्ता एक, खोली एक. आता पाचव्यांदा अर्ज आला आहे, 'पर्यावरणस्नेही बालसंवर्धन प्रकल्प'. मी वस्तीत चौकशी केली. तेथे पहिल्या दिवसापासून एक पाळणाघर चालते. दुसरे काहीही चालत नाही."

त्याने अर्जावर तांबड्या शाईने 'नामंजूर' असे लिहूनच आणले होते.

गुरुजींनी चष्मा काढून डोळे चोळले. त्या आठवड्यात त्यांनी साठ अर्ज वाचले होते. साठही संस्था काहीतरी नवे करणार होत्या.

"आज आपण तेथे जाऊन येऊ," ते म्हणाले.

"पाहण्यासारखे आता काय उरले आहे?"

"माझे गुडघे दुखतात, तरी मी निघालो आहे. तुझे काय दुखते?"

वस्ती टेकडीच्या उतारावर होती. गुरुजी चढताना तीन वेळा थांबले. गल्लीच्या शेवटी पत्र्याच्या छपराची एक खोली होती. तिच्या दारावर निळ्या रंगात 'डिजिटल बालशिक्षण उपक्रम' अशी पाटी होती. दारात अर्ज करणाऱ्या द्वारकाबाई उभ्या होत्या, वयाने साठीच्या, कडेवर एक मूल, दुसरे पदराला लोंबकळणारे. त्या वस्तीतील स्त्रिया सूर्योदयापूर्वीच रस्ते झाडण्यास आणि परक्या घरी स्वयंपाकास जात. त्या परतेपर्यंत त्यांची सव्वीस मुले द्वारकाबाई सांभाळीत.

शिष्याच्या हातातील अर्जावरची तांबडी अक्षरे त्यांनी लांबूनच पाहिली.

"पाटी उतरवायला आलात ना, गुरुजी? उतरवा. माझ्या नातवाचं बारसं एकदाच झालं. या खोलीचं चार वेळा झालं. पाचव्यांदा घुगऱ्या वाटायचं त्राण नाही आता माझ्यात."

शिष्य गंभीर स्वरात म्हणाला, "बाई, शिवणवर्गात बावीस महिला येतात असे आपण लिहून दिले होते."

"सहा यायच्या. त्याही पोरं घ्यायला."

"म्हणजे आपण खोटे लिहिलेत."

"लिहिलं. आधी खरंच लिहिलं होतं, दादा. तुमच्या हपिसानं कागद परत पाठवला. म्हणे, यात नवीन काय? मग नाव बदललं, तर पुढच्या महिन्यात पैसे आले." त्यांनी कडेवरचे मूल सावरले. "बंद करा खुशाल. पण ही खोली नव्हती तेव्हा आया पोरांना घरात कोंडायच्या आणि बाहेरून कडी लावून कामाला जायच्या. उद्यापासून परत तेच. तेवढं तुमच्या सभेत सांगा."

गुरुजी आत गेले. शिलाई यंत्रावर दुधाचे पातेले ठेवलेले होते. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेल्या संगणकावर दुपटी वाळत होती. यंत्रही निधीने दिलेले, संगणकही निधीने दिलेला. वर पत्र्याला तीन भोके होती आणि त्या तीन जागा सोडून झोळ्या बांधलेल्या होत्या. पत्र्यासाठी निधीने कधी काही दिले नव्हते. दुरुस्ती हा नवा उपक्रम होत नाही.

गुरुजी बाहेर आले. "बाई, एक स्टूल द्या. आणि घरात उलथणे असेल तर तेही द्या."

द्वारकाबाईंनी दोन्ही आणून दिले आणि त्या तोंड फिरवून भिंतीला टेकून बसल्या. गुरुजी स्टुलावर चढले आणि उलथण्याने पाटी खरवडू लागले. शिष्याने स्टूल धरले. शिक्षा योग्यच आहे असे त्याला वाटत होते. मात्र ती गुरुजींनी स्वहस्ते करावी, हे त्याला रुचले नाही. वरून निळे पोपडे त्याच्या केसांत पडू लागले. निळ्याखाली हिरवा रंग निघाला आणि 'महिला कौशल्यवर्धन' ही अक्षरे दिसली. त्याखाली पिवळा, 'मातृपोषण अभियान'. गुरुजींना धाप लागली होती, तरी ते थांबले नाहीत. अखेरीस पांढऱ्या रंगावर वाकडी तिकडी काळी अक्षरे उघडी पडली.

'पाळणाघर. पहाटे पाच ते दुपारी तीन.'

गुरुजी खाली उतरून त्याच स्टुलावर बसले. शिष्याने विचारले, "गुरुजी, पाटी काढायची होती तर उतरवून घेतली असती. खरवडून काय साधले?"

गुरुजींनी उलथणे खाली ठेवले. मग म्हणाले, "फसवणूक कोणी केली, ते मी पाहत होतो. वरचा निळा रंग माझ्या सहीचा. हिरवा माझ्या सहीचा. पिवळाही. दर तीन वर्षांनी आपण या बाईंना विचारले, नवे काय करता? त्यांच्याजवळ खरे उत्तर होते, पण आपल्या प्रश्नात त्याला जागा नव्हती. तेव्हा त्यांनी आपल्याला हवे ते लिहिले आणि मुलांना हवे ते केले. बाळा, काही कामे कधी संपत नाहीत. चूल रोज पेटवावी लागते. रोज पेटवावी लागते म्हणून तिला कोणी परावलंबी म्हणत नाही. हे मला समजायला हवे होते. पण अहवाल इतके सुंदर येत, की हा चढ चढून पाहावा असे मला बारा वर्षांत एकदाही वाटले नाही."

"तरीही, खोटे ते खोटेच."

"होय. म्हणून तर खरवडून काढले. त्यांचेही आणि माझेही." मग ते द्वारकाबाईंकडे वळले. "बाई, आता एक खरा अर्ज लिहा."

"मला आता शब्द सुचत नाहीत, गुरुजी. तुमच्यासाठी लिहून लिहून संपले."

मग शिष्य उंबऱ्यावर बसला, तांबडी शाई असलेला कागद त्याने उलटा केला आणि म्हणाला, "तुम्ही सांगा. मी लिहितो." द्वारकाबाईंनी दोन वाक्ये सांगितली. तेवढीच त्याने लिहिली.

दुसऱ्या दिवशी सभा भरली. निधीस सर्वाधिक देणगी देणारा धान्याचा एक वृद्ध व्यापारी समोर बसला होता. त्याने तो कागद मोठ्याने वाचला. 'बारा वर्षे पाळणाघर चालवते, पुढेही तेच चालवायचे आहे. पत्रा गळतो.'

"पाळणाघर?" व्यापारी म्हणाला. "यासाठी तर आपण बारा वर्षांपूर्वीच दिले होते. मग बाराव्या अटीचे काय? गुरुजी, अट तुमचीच. यात नवे काय आहे?"

साऱ्यांच्या नजरा गुरुजींकडे वळल्या. आपली चूक भरसभेत सांगण्यासाठी ते मेजावर हात टेकून उठू लागले. आदल्या दिवशीचा चढ त्यांच्या गुडघ्यांतून अजून उतरला नव्हता. त्यांच्याआधी शिष्य उभा राहिला.

"मुले, शेठजी," तो म्हणाला. "बारा वर्षांपूर्वीची मुले आता मोठ्या शाळेत जातात. ही सव्वीस नवी आहेत."

व्यापाऱ्याने कागद पुन्हा पाहिला.

"आणि पत्रा?"

"पत्रा तोच आहे, शेठजी. जुना."

व्यापारी हसला. इतरही हसले. अर्ज मंजूर झाला.

मग गुरुजींनी नियमावली मागवली, बारावी अट सभेला वाचून दाखवली आणि सर्वांच्या संमतीने ती आपल्या हाताने खोडली. लेखणी धरलेल्या त्या थकलेल्या बोटांकडे शिष्य पाहत होता. नखांत निळा, हिरवा आणि पिवळा रंग अजून तसाच होता.