ज्याची त्याची फळी

एका गावात एक ओढा होता आणि ओढ्यावर एक म्हातारा साकव, म्हणजे लाकडी पूल. त्याची रीत मोठी गमतीची. प्रत्येक घराने आपली एक फळी बसवलेली. कुणाची फणसाची, कुणाची आंब्याची, कुणाची चक्क मोडक्या दाराची! फळी हलली की ज्याची तो हातोडी घेऊन धावे, नाहीतर गाव त्याला चिडवून हैराण करी.

साकवाचे खांब कुजले. गावचे प्रमुख विश्राम गावकर म्हणाले, "नवा बांधू." माणूस भला, पण भारी उतावळा.

बायको म्हणाली, "अहो, गाव करी ते राव न करी. एकदा विचारा तरी सगळ्यांना."

"विचारलं की झालंच! जितकी तोंडं तितक्या गोष्टी. पावसाळा तोंडावर आलाय."

त्यांनी स्वतःच्या रानातले साग तोडले, बाहेरून सुतार आणले आणि एकसारख्या फळ्यांचा देखणा साकव उभा केला. जुन्या फळ्या चुलीत गेल्या. लोकांनी तोंडभर कौतुक केलं आणि ते आपापल्या घरी गेले.

श्रावणात मधली एक फळी सुटली. येणारा-जाणारा तिच्यावरून टांग टाके आणि म्हणे, "गावकरांचा साकव, गावकर बघतील." गावकरांना मात्र कुणी सांगितलं नाही. एका संध्याकाळी ते देवळातून परतत होते. फळी उलटली आणि गावकर थेट ओढ्यात! पाणी चढलेलं. हाक ऐकून सारं गाव धावलं, दोर टाकून त्यांना वर काढलं. जीव वाचला, पाय मोडला.

शेजारच्या शेवंताकाकू पेज घेऊन आल्या, तेव्हा गावकर संतापून म्हणाले, "सुटलेली फळी एकालाही दिसली नाही?"

"दिसली की. सगळ्यांना दिसली. पण आमच्या फळ्या तुम्ही जाळल्यात, गावकर. उरली ती तुमची." बोलता बोलता काकूंचे डोळे भरून आले. "तरी सांगायला हवं होतं. आमचंही चुकलंच."

गावकरांनी मान खाली घातली. दुसऱ्या दिवशी खाटेसकट ते ओढ्याकाठी गेले आणि गावाला बोलावून म्हणाले, "सांगा, साकव कसा हवा?" बाप रे, काय ती भांडणं! कुणाला कठडा हवा, कुणाला मोळी टेकवायला मध्ये ओटा. गावकर दिवसभर ऐकत राहिले. शेवटी खांब सागाचेच राहिले, कठडा झाला, ओटाही झाला आणि फळी पुन्हा घराघराने आपापली बसवली.

पुढच्या पावसाळ्यात गावकर हातोडी घेऊन लंगडत आपली फळी बघायला गेले. तिच्यात नवा खिळा कुणीतरी आधीच ठोकून ठेवला होता. गावकर ओट्यावर बसले आणि पोटभर रडले.

तात्पर्य: जे सगळ्यांसाठी करायचं, ते सगळ्यांना विचारून, सगळ्यांच्या हातांनी करावं. ज्यात आपला हात नाही, त्याची काळजी कुणी वाहत नाही.