चांगल्या पुस्तकांचं दुकान

"विकू की नको, बुवा? एवढंच सांगा."

बुवांनी हातानंच बसायची खूण केली.

त्र्यंबकराव पुस्तकवाले मठात आले होते सल्ला मागायला, असं आपलं म्हणायचं. खरं तर पाठ थोपटून घ्यायला. एका विधवा बाईनं स्वतःची कहाणी छापली होती. नवरा गेल्यावर दुसऱ्याचा हात धरला आणि सुखी झाले, असं उघड लिहिलेली. गावातली बाकीची दुकानं ती बिनदिक्कत विकत होती. त्र्यंबकरावांनी मात्र गठ्ठा कोपऱ्यात टाकला होता.

"वाचलंस?" बुवांनी विचारलं.

"अक्षरन्‌अक्षर. तपासल्याशिवाय मी कुठलंच पुस्तक वाईट म्हणत नाही."

"आणि चांगलं?"

"चांगल्यात काय तपासायचं, बुवा?" त्र्यंबकराव हसले. पिशवीतून एक पुस्तक काढून त्यांनी बुवांपुढे ठेवलं. "गृहस्थाच्या रोजच्या आचाराचं आहे. आमच्याकडे हातोहात खपतं. आपल्यासाठी आणलंय."

"डोळे गेले रे माझे. तूच वाच."

हे त्र्यंबकरावांना काय ठाऊक नव्हतं? पण माणूस मोठेपणाच्या भरात असला की असलं राहून जातं.

त्यांची लेक कुमुद दारापाशी बसली होती. लग्नाला वर्ष व्हायच्या आत कपाळ पांढरं झालं, तेव्हापासून पोर माहेरीच.

त्र्यंबकरावांनी घसा साफ केला. पहाटे कधी उठावं, कुठल्या कुशीवरून उठावं... आवाज कसा खणखणीत. मग आलं, "घराबाहेर पडताना विधवेचं तोंड..."

त्यांची नजर दाराकडे गेली.

"पुढे?"

"पुढे... नाही वाचवत, बुवा."

"पाहू नये. दिसल्यास माघारी फिरावं," कुमुद दारातूनच म्हणाली. पाढे म्हणावेत तशी. "पाठ आहे मला, अप्पा. तुम्हीच घरी आणलं होतंत."

त्र्यंबकराव तिच्याकडे बघत राहिले. सकाळच्या वेळी लेकीचं तोंड शेवटचं कधी पाहिलं, ते काही केल्या आठवेना. चहा तिची आई आणून द्यायची. पोर उशिरा उठत असेल, असं ते धरून चालले होते.

"सकाळी तू कुठं असतेस गं?"

"मोरीत. तुम्ही जिना उतरेपर्यंत. धंद्याला अपशकुन नको म्हणून."

त्यांना भडभडून आलं. लेकीदेखत बापानं रडू नये म्हणतात. ते रडले.

"बुवा, हे सगळं जाळून टाकतो. एकूण एक प्रत. आणि ते दुसरं... ते विकू का?"

बुवांनी चाचपडत त्यांच्या हातातलं पुस्तक घेतलं आणि मिटलं.

"पुस्तकांचं मागाहून बघू, त्र्यंबका. उद्या दुकानाला निघताना पोरीला हाक मार. येते का बघ."