शिवरात्रीची भांग

“मग मला सांगा बाबा, माझा दादा कशानं मेला?”

मी ओरडलोच. मठात बसलेली माणसं दचकली. सोमगिरी बाबा ओट्यावर वाती वळत होते. त्यांचा हात थांबला नाही.

“लोक काय म्हणतात?”

“भांगेनं कुणी मरत नाही म्हणतात. शंकराचा प्रसाद आहे म्हणतात.”

“आणि तू काय म्हणतोस, भान्या?”

मी ओट्याच्या कडेला बसलो.

शिवरात्रीला बाबा प्रत्येकाला स्वतःच्या हातानं भांगेचा एकच पेला देतात. दुसरा पाटलालाही मिळत नाही. यंदा हंड्यापाशी मी होतो.

“दादा अर्ध्या तासानं परत आला. म्हणाला, ‘चढतच नाही रे! म्हाताऱ्यानं नुसतं दूध पाजलं की काय?’ मला हसू आलं. तुमची पाठ वळली तसा मी दुसरा दिला. काठोकाठ.”

“मग?”

“तासाभरानं दोन्ही एकदम चढले. तोंड कोरडं पडलं. छाती अशी उडत होती, वरून दिसत होती. म्हणाला, ‘भान्या, ते मला धरायला आलेत.’ कुणी नव्हतं बाबा. भर दुपार होती. मी धरेपर्यंत तो घाटाकडं पळाला, आणि वरच्या पायरीवरून...”

वाती संपल्या होत्या. बाबांनी हात पुसले.

“डॉक्टर म्हणाले, पोटातून घेतलेली भांग उशिरा चढते. थांबायचं असतं. मला कुठं ठाऊक होतं?”

“पोराचा काय दोष,” खांबाला टेकलेले तात्या म्हणाले, “ज्याचं त्याचं नशीब...”

बाबांनी नुसतं पाहिलं. तात्यांनी मान खाली घातली.

“आईला काय सांगितलंस?”

“पाय घसरला म्हणून.”

“किती दिवस झाले?”

“अकरा.”

त्यांनी मला शाप द्यावा, नाहीतर माफ करावं. दोन्हींतलं काहीही चाललं असतं. मी पायांवर डोकं ठेवायला वाकलो.

बाबांनी पाय मागं घेतले.

मग ते उठले. ऐंशी वर्षांचा माणूस. चाळीस गावं त्यांच्या पाया पडायला येतात, ते कुणाच्या दारी जात नाहीत. मठाची रीतच तशी. त्यांनी खुंटीवरची काठी घेतली आणि उंबरा ओलांडला.

तात्या ताडकन उभे राहिले.

“बाबा, कुठं?” मी विचारलं.

“तुझ्या आईकडं. तू माझ्या मागं उभा राहा. पहिला पेला माझ्या हातचा होता.”